नाकातलं वजन

“आज कवळीचं काही नाही,” दाबकेबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या काउंटरवर पुठ्ठ्याचा एक लांबट खोका ठेवला. “हे बघ. तुला जमेल का?”

खोक्यावर दोन इंजिनांच्या करड्या बॉम्बर विमानाचं चित्र होतं. मी झाकण उघडलं. आत प्लॅस्टिकच्या जाळ्या, आणि त्या जाळ्यांना लोंबणारे शे-सव्वाशे तुकडे. पंख, चाकं, काय काय. शिवाय एक घडी केलेला इंग्रजी कागद.

“खेळणं आहे की, बाई. नातवाला?”

“मला कुठला नातू, बाहुबली?” त्या म्हणाल्या. “मला हवंय. जोडलेलं. आणि लवकर हवंय.”

मिरजेत माझी दातांची लॅब होती. डॉक्टर लोक मापं पाठवायचे, मी कवळ्या करून द्यायचो. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मी सदतीस वर्षांचा, आणि माझ्या हाताचा मला भारी माज. बाहुबली उपाध्येने केलेली कवळी घालून म्हातारे चिक्की खातात, असं गावात बोललं जायचं. म्हणजे मीच बोलायचो, पण पसरलं होतं बऱ्यापैकी.

दाबकेबाई मला सातवीला भूगोल शिकवायला होत्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. कपाळावर चार आण्याएवढं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि घरात एकट्या. अख्ख्या गावाला ठाऊक होतं की त्यांचे यजमान हवाई दलात होते, अडुसष्ट साली समुद्रावर सरावाला गेलेलं त्यांचं विमान पडलं, आणि ते सापडले नाहीत. सरकारने कागद पाठवला, पेन्शन सुरू केली. बाईंनी पेन्शन घेतली आणि कुंकू ठेवलं. सुरुवातीला बायका कुजबुजल्या, पुढे त्याही म्हाताऱ्या झाल्या.

“हेच ते विमान का?” मी विचारलं.

“याच जातीचं. सामंतांनी पाठवलंय, बेळगावहून. हे नॅव्हिगेटर होते आणि सामंत वैमानिक. ते वाचले. त्यांच्या मुलीने परदेशातून आणलं हे.” बाईंनी चष्मा काढून पुसला. “माझ्या डोळ्यांत काचबिंदू आहे. कडेचं सगळं गेलंय, मधलं तेवढं उरलंय. डॉक्टर म्हणतात, दिवाळीनंतरचं सांगता येत नाही. तेव्हा मला ते नीट बघून घ्यायचंय एकदा.”

आता यावर नाही कोण म्हणणार? मी म्हटलं, “बाई, रविवारी या. दोन तासांचं काम आहे.”

दोन तास! अहो, त्या दोन तासांचे पाच रविवार झाले.

पहिल्याच दिवशी मी एक चाक जाळीतून पिरगाळून तोडलं, तर त्याचा लचकाच निघाला. बाई भिंग डोळ्याला लावून तो इंग्रजी कागद वाचत होत्या. त्यांनी मान वर केली.

“बाहुबली, पहिली ओळ काय आहे माहितीये? ‘आधी सगळं वाचा.’”

“बाई, मी रोज माणसांची तोंडं जुळवतो.”

“म्हणूनच सांगते. हे तोंड नाही.”

मग मी गुमान विद्यार्थी झालो. त्या वाचून मराठीत सांगायच्या, मी करायचो. तुकडे आधी साबणाच्या पाण्यात धुवायचे, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. पक्कडीने कापताना जरा लांबून कापायचं आणि उरलेलं बोंड कानशीने घासायचं. गोंद लावण्याआधी दोन तुकडे नुसतेच जुळवून बघायचे, एकदा नाही, तीनदा. बारके तुकडे जाळीवर असतानाच रंगवायचे. पाण्यासारखा पातळ गोंद होता, त्याचं तर बाईंनी मला पाठच करून घेतलं.

“हा चिकटवत नाही, वितळवतो. दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. मग पुन्हा सुटत नाही. कळलं? म्हणून आतलं सगळं आधी पुरं करायचं आणि मग अंग बंद करायचं.”

“कळलं, बाई.”

“तुला कळत नाही. तुझे नकाशे आठवतात मला. किनारा असा सुरेख काढायचास, एकेक खाडी. आणि आत? ना नदी, ना डोंगर. सगळं कोरं.”

“बाहेरचं सुंदर दिसलं की मार्क मिळायचे.”

“मी दिले नव्हते,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही हसलो. खरं सांगतो, त्या रविवारांची मी वाट बघायला लागलो होतो.

मधल्या एका रविवारी त्यांनी कागदावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. “एकास बहात्तर. म्हणजे काय?”

“प्रमाण. नकाशाचं असतं तसं.”

“शाबास. इथला एक मिलिमीटर म्हणजे तिथले बहात्तर. हे लक्षात ठेव, आपल्याला लागणार आहे.” कशाला लागणार, ते मी विचारलं नाही. भूगोलाच्या बाई, त्यांना प्रमाणाचं कौतुक असणारच, असं वाटलं.

पाचव्या रविवारी विमानाचं अंग दोन फाकांत समोर होतं, वाटाण्याची शेंग उघडावी तसं. वैमानिक वर काचेच्या घुमटात बसायचा. नॅव्हिगेटरची जागा खाली, नाकाच्या पोकळीत. एक खुर्ची, एक नखाएवढं टेबल, आणि शेंगदाण्याएवढा बसलेला माणूस. बाजूला डाळीएवढी एक खिडकी आणि उजवीकडे दार. बाईंनी तो माणूस तळहातावर घेतला. बराच वेळ त्या त्याच्याकडे बघत बसल्या.

“याला नीट रंगव,” त्या म्हणाल्या. “रंगाने गोरे होते.”

दुसऱ्या दिवशी त्या डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला गेल्या. तीन आठवडे तिथेच भाचीकडे राहणार होत्या. आणि माझ्या डोक्यात शहाणपण शिरलं. म्हटलं, पट्टी काढून बाई परत येतील तेव्हा विमान तयार पाहिजे. राहिलेल्या नजरेने त्यांनी पहिल्यांदा तेच बघावं.

रोज काम संपलं की मी बसायचो. अडचण एकच आली. कागदावर लिहिलं होतं, आणि बाईंनी वाचूनही दाखवलं होतं, की नाकात पंधरा ग्रॅम वजन घालायचं. नाहीतर विमान पुढच्या चाकावर टेकत नाही, शेपटीवर बसतं. वजनाची जागा नॅव्हिगेटरच्या पायांखाली एवढीशीच. टायरवाल्याकडून आणलेलं शिसं मी कापून बघितलं, तासून बघितलं, मावेना. खुर्ची काढली तर छान मावत होतं. मी फाका जुळवून खिडकीतून डोकावलं. आतलं तर काही दिसत नव्हतं. मग ती खुर्ची, ते टेबल, तो माणूस हवेत कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. शिसं पोकळीत ठेवलं, आणि हलू नये म्हणून वरून आमचं दातांचं प्लास्टर ओतलं. दगडासारखं घट्ट झालं. रंगवून ठेवलेला माणूस, खुर्ची आणि टेबल काडेपेटीत घालून खणात टाकलं. अंग बंद केलं, सांधे घासून असे गुळगुळीत केले की जोड हाताला लागू नये. करडा रंग दिला, हवाई दलाच्या खुणेची कागदी चक्रं पाण्यात भिजवून पंखांवर चिकटवली. तिन्ही चाकांवर कसं ऐटीत उभं राहिलं म्हणता! मीच माझी पाठ थोपटून घेतली.

बाई आल्या त्या भाचीचा हात धरून. ऑपरेशनचा फारसा उपयोग झाला नव्हता. एक डोळा गेल्यात जमा, दुसऱ्यात मधला ठिपका तेवढा शिल्लक. भाची त्यांना माझ्या लॅबमध्ये बसवून बाजारात गेली. मी विमान त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी आधी बोटांनी बघितलं. पंख, इंजिनं, शेपूट. “सांधा लागत नाही रे कुठे,” त्या म्हणाल्या. माझी छाती फुगली. मग त्यांनी पर्समधून छोटा टॉर्च काढला, भिंग काढलं, आणि विमान डोळ्याशी धरून त्या डाळीएवढ्या खिडकीत उजेड पाडला.

“आत पांढरं काय आहे?”

“प्लास्टर, बाई. नाकाला वजन लागतं ना.”

“आणि हे कुठे बसलेत?”

“बाई, बंद केल्यावर ते दिसत नव्हतं. म्हणून मी… काढलं.”

त्यांनी टॉर्च विझवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या विमान मांडीवर घेऊन बसल्या.

“मला तेवढंच बघायचं होतं,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या विमानाचं मी काय करू, बाहुबली?”

मग त्यांनी सांगितलं. सामंतांनी अपघातानंतर इस्पितळातून पत्र लिहिलं होतं. त्यात होतं की वहिनी, मुकुंद माझ्या आधी दारातून बाहेर पडला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मगच मी माझी खुर्ची उडवली. वैमानिकाच्या खुर्चीला कडी होती, ती ओढली की माणूस खुर्चीसकट वर फेकला जायचा. नॅव्हिगेटरला ती सोय नव्हती. त्याने पट्टे सोडायचे, उठायचं, दार गाठायचं आणि पॅराशूट घेऊन उडी टाकायची.

“त्या एका ओळीवर मी कुंकू ठेवलंय,” बाई म्हणाल्या. “बाहेर पडले असतील तर कुठेतरी उतरले असतील. कोळ्यांनी उचललं असेल, दुसऱ्या किनाऱ्याला लागले असतील, डोक्याला मार बसून विसरले असतील. हसू नकोस.”

“नाही, बाई.”

“पण लोक म्हणायचे, पडत्या विमानात कोणी दार गाठतं का? सामंतांना मी दर दिवाळीला लिहायचे की आतली जागा कशी होती ते सांगा, खुर्चीपासून दार किती लांब? ते सगळं लिहायचे, तेवढंच लिहायचे नाहीत. शेवटी हा खोका पाठवला. म्हणाले, यात सगळं आहे, बघून घ्या. मला खुर्ची आणि दार यांतलं अंतर मोजायचं होतं. प्रमाण आहेच. नजर आहे तोवर.”

प्रमाण कशाला लागणार होतं ते तेव्हा मला कळलं.

“मी उघडतो,” मी म्हटलं.

“वितळून एक झालंय ते.”

“फोडतो, बाई.”

त्यांनी विमान माझ्या हातात दिलं. “फोड,” म्हणाल्या.

दात कापायची बारीक चकती मी मशीनला लावली आणि माझ्याच गुळगुळीत सांध्यावर टेकवली. प्लॅस्टिक जळल्याचा वास सुटला. नाक तीन ठिकाणी तडकलं. मग टोकदार हत्याराने प्लास्टर कणाकणाने काढलं, शिसं काढलं, पोकळी ब्रशने साफ केली. दोन तास गेले असतील. भाची येऊन, बसून, पुन्हा एक फेरी मारून आली. बाई हलल्या नाहीत. काडेपेटीतून मी खुर्ची काढली, खुणेच्या खाचेत बसवली, टेबल बसवलं, आणि त्या गोऱ्या माणसाला खुर्चीत बसवून गोंदाचा थेंब सोडला.

“तू मोज,” बाई म्हणाल्या. “माझ्या डोळ्याला पाणी येतंय.”

मी पट्टी लावली. एकदा नाही, तीनदा.

“बारा मिलिमीटर, बाई.”

त्यांचे ओठ हलले. “बारा बहात्तरे आठशे चौसष्ट. शहाऐंशी सेंटिमीटर.” त्यांनी आपला उजवा हात हळूच समोर लांब केला. “हातभर! अरे, हातभरच होतं की दार! पट्टे सोडले, वळलं, की आलंच. बाहुबली, गेले असतील रे ते बाहेर!”

बाईंचा तसा चेहरा मी शाळेतही पाहिला नव्हता. त्यांनी माझ्याकडून तिथल्या तिथे पोस्टकार्ड लिहून घेतलं. ‘सामंत, इतकी वर्षं तुम्ही भेटायला येऊ का विचारता आणि मी टाळते. आता या.’

सामंत दिवाळीनंतरच्या आठवड्यात आले. त्यांना आणायला स्टेशनवर मीच गेलो. उंच माणूस, पण कमरेत वाकलेला. विमानातून फेकले गेले तेव्हा मणका दबला होता म्हणे.

बाईंनी शिरा केला होता, नजर नसताना. नवी साडी, ठसठशीत कुंकू. तडकलेल्या नाकाचं विमान मध्ये टीपॉयवर ठेवलेलं. सामंत बसले, त्यांना ते दिसलं, आणि त्यांनी मान फिरवली.

“सामंत,” बाई म्हणाल्या, “मला तुमची माफी मागायची आहे.”

“माझी? वहिनी, तुम्ही?”

“मी तुमच्यावर मनातून संशय घेतला. वाटायचं, माझं समाधान व्हावं म्हणून तुम्ही लिहिलंत की हे बाहेर पडले. पण आम्ही मोजलं. हातभर अंतर होतं. तुम्ही खरं तेच लिहिलं होतं. सव्वीस वर्षं एका भल्या माणसाला मी दाराशी येऊ दिलं नाही. मला माफ करा.”

असं म्हणून बाईंनी हात जोडले. माझ्या हातात शिऱ्याची बशी होती, ती मी पुढे करणार इतक्यात सामंतांचा आवाज आला. रडण्याचा म्हणावा तर तसा नव्हे, गुरं धापा टाकतात तसा.

“नका, वहिनी. हात जोडू नका.”

“का बरं?”

“तो बाहेर पडला नाही.”

मी बशी खाली ठेवली.

“त्याच्या पट्ट्याची कडी अडकली होती,” सामंत खाली बघून बोलत होते. “मी ओरडलो, जा. तो म्हणाला, ‘अरविंद, थांब जरा.’ एवढंच. घाबरलाही नव्हता. दार तर हाताशीच होतं हो, कडी सुटली असती तर… पण खाली समुद्र वर येताना दिसला आणि माझ्या हाताने माझी कडी ओढली. मी थांबलो नाही. इस्पितळात तुमचं पत्र आलं, तेव्हा खरं लिहायचा धीर झाला नाही. पुढे दरवर्षी वाटायचं, आता लिहू. तो खोका पाठवला तेव्हा वाटलं, बघून तुमचं तुम्हालाच काही कळेल आणि मला सांगावं लागणार नाही.”

“बसलेलेच होते?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“खुर्चीत?”

“हो, वहिनी.”

बाहेर कुठल्यातरी पोराने उरलेला एक फटाका लावला. बाई दचकल्या नाहीत. माझ्या दिशेला तोंड करून, वर्गात बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, “बाहुबली, साहेबांना चारच्या गाडीवर सोडून ये. शिरा बांधून दे बरोबर, लांबचा प्रवास आहे.”

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा त्यांचं कपाळ मोकळं होतं. तिथली कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा पांढरी दिसत होती. मला भडभडून आलं.

“बाई, मी ते उघडायला नको होतं. प्लास्टर राहू द्यायचं होतं मी.”

“मी सांगितलं, तू उघडलंस. विद्यार्थ्याचं काय चुकलं त्यात?” त्या म्हणाल्या. मग हलक्या आवाजात, “पण बरी होती रे ती सव्वीस वर्षं.”

विमान त्यांनी मला घेऊन जायला सांगितलं. त्यानंतर त्या चार वर्षं जगल्या, पूर्ण आंधळ्या होऊन. मी दर रविवारी जायचो, पेपर वाचून दाखवायचो. विमानाचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

लॅब आता माझी मुलगी चालवते. विमान अजून काचेच्या कपाटात आहे, कवळ्यांच्या नमुन्यांशेजारी. मी नाक जोडून घेतलं, पण शिसं परत घातलं नाही, त्यामुळे ते शेपटीवर बसतं, पुढचं चाक हवेत. येणारे-जाणारे पेशंट सांगतात, काका, हे मागं झुकतंय, नाकात वजन घाला काहीतरी.

मी म्हणतो, जागा नाही. तिथे माणूस बसलाय.